पेट्रोलचा काटा आणि कुलूपवाल्याचा मुलगा

मित्रांनो, ओहमचा नियम न शिकता आपल्या कॉलेजच्या गेटमधून आत आलेला एकही जण सापडणार नाही. दहावीला एकदा, बारावीला एकदा आणि फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलच्या जर्नलमध्ये पुन्हा एकदा! व्होल्टेज बरोबर करंट गुणिले रेझिस्टन्स. ग्राफ सरळ रेषेत आला नाही तर तो सरळ कसा 'आणायचा' हेसुद्धा सीनिअर्सकडून आपल्याला वेळेवर कळतं. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे रेझिस्टन्सला मराठीत 'रोध' म्हणतात हे मला हॉस्टेलवर माझ्या रूममेटने सांगितलं. पण ज्या माणसाच्या नावाने हा नियम आहे तो कोण, कुठला, त्याने हे नक्की कसं शोधलं, यावर आम्ही दोघी गप्प!

त्या माणसाची, म्हणजे गेओर्ग सिमॉन ओहमची गोष्ट इथे सांगायची आहे. आणि सांगताना सोबत एक जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे, जिचा पेट्रोलचा काटा बिघडला आहे. तुम्ही म्हणाल, यांचा काय संबंध? ओहम १८५४ साली वारला आणि ही गाडी बाजारात आली त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी. पण तो काटा दुरुस्त करायला बसलं ना, की ओहमला प्रयोग करताना ज्या अडचणी आल्या होत्या त्याच जवळजवळ त्याच क्रमाने समोर येतात. त्यामुळे त्याचं आयुष्य समजून घ्यायला ही गाडी बरी पडते.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. तिचं नाव एमजीबी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती बनायची. बुटकी, दोन दारांची, वरचं छप्पर काढता येणारी. अशा पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, म्हणून जगभरात आजही हौशी लोक त्या सांभाळून आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी बॉनेट उघडून बसलेले दिसतात. हिच्या डॅशबोर्डवरचे काटे स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचे.

आपल्याकडच्या जुन्या स्कूटरला पेट्रोलचा काटाच नसायचा. टाकीचं झाकण उघडून आत डोकवायचं, गाडी हलवून आवाज ऐकायचा, नाहीतर सरळ रिझर्व्हला टाकायची! एमजीबीमध्ये मात्र व्यवस्था आहे. पेट्रोलच्या टाकीत एक फ्लोट असतो, आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो ना, साधारण तसाच. फ्लोटला एक दांडी, आणि त्या दांडीचं दुसरं टोक रोधाच्या तारेच्या वेटोळ्यावरून सरकतं. टाकी भरलेली असेल तर वाटेत तार थोडीच येते, म्हणजे साधारण २० ओहम. टाकी रिकामी झाली की जवळजवळ सगळी तार वाटेत येते, म्हणजे साधारण २५० ओहम.

आता डॅशबोर्डवरचा काटा. त्याच्या मागे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते, म्हणजे आपली बायमेटल स्ट्रिप, आणि तिच्याभोवती तापणारी बारीक तार. करंट जास्त गेला की तार जास्त तापते, पट्टी जास्त वाकते आणि काटा 'फुल'कडे सरकतो. किल्ली फिरवल्यावर हा काटा पटकन उडी मारत नाही, हळूहळू वर येतो, कारण पट्टी तापायला वेळ लागतो. त्याचा फायदाही आहे. वळणावर टाकीतलं पेट्रोल हेलकावलं तरी काटा नाचत नाही.

थोडक्यात काय, हा काटा पेट्रोल मोजतच नाही. तो मोजतो ओहम!

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगेन या गावचा. वडील योहान वोल्फगांग कुलपं बनवायचे. शाळा-कॉलेज असं फार काही झालेलं नव्हतं, पण माणूस जबरदस्त. दिवसभर कानस आणि हातोडी चालवायची आणि उरलेल्या वेळात गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, तत्त्वज्ञान स्वतःच वाचून शिकायचं. आई शिंप्याची मुलगी. गेओर्ग दहा वर्षांचा असताना ती गेली. सात भावंडांपैकी तिघंच जगली, गेओर्ग, धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण. दोन्ही मुलांना वडिलांनीच घरी शिकवलं, आणि असं शिकवलं की एर्लांगेन विद्यापीठातल्या लँग्सडॉर्फ या गणिताच्या प्रोफेसरांनी पोरांची परीक्षा घेतली तेव्हा त्यांना बर्नोली घराण्याची आठवण झाली. बर्नोली म्हणजे तेच, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपल्याला छळणारे. पुढे मार्टिनही नावाजलेला गणिती झाला.

मुलगा हुशार, घरात अभ्यासाचं वातावरण, मग सगळं सुरळीत झालं असेल असं वाटतं ना? १८०५ मध्ये गेओर्ग एर्लांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला आणि... अभ्यास सोडून नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स यांच्यामागे लागला! (हॉस्टेलच्या टीटी रूममध्ये मुक्काम ठोकलेल्यांनी हा परिच्छेद घरी दाखवावा. पण पुढचं वाक्यही दाखवावं लागेल.) वडील भडकले. आपल्याला जी संधी कधी मिळाली नाही ती मुलगा वाया घालवतोय हे त्यांना सहन होईना. तीन सेमिस्टरनंतर गेओर्गचं विद्यापीठ सुटलं आणि १८०६ च्या सप्टेंबरात, सतरा वर्षांचा असताना, तो स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवायला गेला.

लँग्सडॉर्फ सर पुढे हायडेलबर्गला गेले तेव्हा ओहमला त्यांच्याबरोबर जायचं होतं. सरांनी सल्ला दिला, की त्यापेक्षा ऑयलर आणि लाप्लास यांची पुस्तकं स्वतः वाच. त्याने ऐकलं. शिकवण्या करत करत तो वाचत राहिला, १८११ मध्ये एर्लांगेनला परत आला आणि त्याच वर्षी त्याने डॉक्टरेट मिळवली. घरी कुलपांच्या दुकानात बसून शिकलेल्या मुलाला स्वतः शिकायची सवय होतीच.

डॉक्टरेट मिळाली, पण पैसे नव्हते. विद्यापीठात तीन सेमिस्टर शिकवून बघितलं, त्यात भागेना. १८१३ मध्ये बाम्बेर्गच्या एका यथातथा शाळेत नोकरी धरली. ती शाळा १८१६ मध्ये बंदच पडली, मग त्याच गावातल्या दुसऱ्या गच्च भरलेल्या शाळेत गणिताचे तास घ्यायला पाठवलं. तिथे त्याचं मन रमत नव्हतं. त्याने भूमितीवर एक पुस्तक लिहिलं आणि प्रशियाच्या राजाला पाठवून दिलं. राजाला ते आवडलं असावं, कारण १८१७ मध्ये त्याला कोलोन शहरातल्या नावाजलेल्या जेझुइट शाळेत गणित आणि फिजिक्स शिकवायची जागा मिळाली.

कोलोनच्या शाळेत एक गोष्ट होती जी बाम्बेर्गला नव्हती. चांगली लॅब! वडिलांकडून हातकाम शिकलेल्या माणसाच्या हाती लॅबची किल्ली आली, मग काय. उपकरणं तो बऱ्याच वेळा स्वतःच तयार करायचा. १८२० मध्ये ऑर्स्टेडने दाखवून दिलं होतं, की तारेतून करंट गेला की जवळची चुंबकसुई हलते. म्हणजे करंट किती आहे हे पहिल्यांदाच नीट मोजता येणार होतं. आपल्याला आज हे फार साधं वाटतं, कारण आपल्या हातात मल्टिमीटर असतो. तेव्हा व्होल्ट नव्हता, अँपिअर नव्हता, ओहम तर नव्हताच. व्होल्टेज आणि करंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेसुद्धा लोकांच्या डोक्यात स्पष्ट नव्हतं.

ओहमचा प्रश्न साधा होता. तारेची लांबी वाढवली की करंटचा परिणाम किती कमी होतो?

त्याने पहिला प्रयत्न केला तो त्या काळच्या सेलवर. धातूच्या पट्ट्या आणि ॲसिड. पण हा सेल फार चंचल. सर्किट जोडलं की आधी करंट उसळायचा, मग उतरायचा, थोडी विश्रांती दिली की पुन्हा वर. तार बदलली म्हणून सुई कमी हलली की मधल्या वेळात सेलच दमला, हे सांगणार कोण? ओहमने प्रत्येक रीडिंगच्या वेळी एका ठराविक तारेशी तुलना करून यातून मार्ग काढायचा प्रयत्न केला. १८२५ मध्ये त्याने आपला पहिला पेपर छापला, त्यात लॉगरिदम असलेलं एक सूत्र होतं. ते सूत्र चुकीचं होतं.

इथे जरा थांबू आणि गाडीकडे येऊ, कारण गाडीचा प्रॉब्लेम अगदी हाच आहे.

गाडीची बॅटरी म्हणायला बारा व्होल्टची. पण इंजिन बंद असताना ती बाराच्या आसपास असते, आणि इंजिन जोरात चालू होऊन चार्जिंग सुरू झालं की चौदाच्याही वर जाते. हेडलाइट लावले की पुन्हा थोडी खाली. आता विचार करा, टाकीत पेट्रोल तेवढंच, फ्लोट तिथेच, रोध तोच, पण व्होल्टेज बदललं म्हणून करंट बदलला आणि काटा हलला. ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोल वाढतं, अशी जादूची गाडी! म्हणून १९६० च्या दशकाच्या मध्यापासून एमजीबीमध्ये डॅशबोर्डच्या मागे एक छोटी डबी बसवायला लागले. तिला व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात. आपल्या घरी फ्रिजला असतो त्याच नावाचा, पण हा काडेपेटीहूनही लहान. आत पुन्हा एक बायमेटल पट्टी आणि तापणारी तार. पट्टी तापली की संपर्क तुटतो, गार झाली की जुळतो, आणि हे सारखं चालू राहून काट्याला सरासरी १० व्होल्ट मिळत राहतात.

म्हणून काटा बिघडला की जाणकार माणूस पहिल्यांदा टाकीकडे जात नाही. तो आधी सोर्स बघतो. किल्ली चालू करून स्टॅबिलायझरला बॅटरीचा सप्लाय पोचतोय का? नसेल तर फ्यूज किंवा गंजलेला फ्यूजचा धारक. मग डबीतून बाहेर काय निघतंय? इथे डिजिटल मल्टिमीटर लावला तर आकडे सारखे उड्या मारतात, आणि नवखा माणूस मीटरच बिघडला समजतो. त्यापेक्षा लहान टेस्ट बल्ब लावावा, तो लुकलुकला तर डबी जिवंत आहे. बल्ब एकसारखा लख्ख जळत राहिला तर डबी काम करत नाहीये आणि काट्याला बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज जातंय, म्हणून काटा जास्त पेट्रोल दाखवतो. पुष्कळदा डबी चांगली असते, फक्त तिच्या बॉडीचं अर्थिंग सुटलेलं असतं. अर्थ नाही तर आतली तार तापत नाही, तार तापत नाही तर संपर्क तुटत नाही. स्क्रू काढा, पत्रा घासा, पुन्हा घट्ट बसवा... झालं काम!

परत कोलोनला. ओहमचा पेपर वाचून पोगेनडॉर्फ या बर्लिनच्या संपादकाने त्याला एक गोष्ट सुचवली. ॲसिडचा सेल सोडून दे, थर्मोकपल वापर. झेबेकने १८२१ मध्येच दाखवलं होतं, की दोन वेगळ्या धातूंचे दोन जोड वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की सर्किटमध्ये करंट वाहतो. ओहमने बिस्मथ आणि तांबं घेतलं. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. उकळत्या पाण्याचं तापमान आणि वितळत्या बर्फाचं तापमान, दोन्ही जागचे हलत नाहीत. म्हणजे सोर्सही हलत नाही. करंट मोजायला त्याने चुंबकसुई सोन्याच्या चपट्या पातळ तारेने टांगली. सुई सरकली की वरची चकती पिळून तिला परत मूळ जागी आणायचं आणि किती पीळ द्यावा लागला ते वाचायचं. कुलूपवाल्याचा हात असल्याशिवाय हे जमणारं काम नव्हतं.

मग त्याने एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. १८२६ च्या सुरुवातीला त्याने रीडिंग घेतली. आकडे बघण्यासारखे आहेत. २ इंचाच्या तारेला सुमारे ३२७ आणि १३० इंचाच्या तारेला सुमारे ४८. तार ६५ पट लांब झाली, पण परिणाम सातपटसुद्धा कमी झाला नाही!

आता आपण जर्नल लिहीत असतो तर म्हटलं असतं, प्रयोग फसला. कारण 'लांबी दुप्पट तर करंट निम्मा' असं यायला पाहिजे. पण ओहमला तसं काही पाठ नव्हतं, त्यामुळे आकडे जे सांगत होते तेच त्याने ऐकलं. त्याच्या लक्षात आलं, की सगळे आठ आकडे एकाच सूत्रात बसतात. परिणाम बरोबर 'अ' भागिले 'ब अधिक क्ष'. यातला 'क्ष' म्हणजे तपासायच्या तारेची लांबी. 'अ' सोर्सच्या जोरावर अवलंबून. आणि 'ब'? 'ब' म्हणजे तारेशिवाय उरलेलं सगळं सर्किट, म्हणजे खुद्द थर्मोकपल, जोड, सगळं मिळून. त्याच्या आकड्यांत हा 'ब' सुमारे २० इंच तारेएवढा निघाला. म्हणजे २ इंचाची तार लावली तरी करंटला प्रत्यक्षात सुमारे २२ इंच चालावं लागत होतं.

माझ्या मते ओहमचा खरा शोध हा 'ब' आहे. मोजायची गोष्ट सगळ्यांनाच दिसते. पण सर्किटमध्ये जे दिसत नाही, जे आपण जोडलेलं नाही असं आपल्याला वाटतं, त्याचाही रोध आहे आणि तोही हिशेबात धरायला हवा, हे त्याने दाखवलं. वर्षभरापूर्वी छापलेलं स्वतःचं सूत्र त्याने बाजूला ठेवलं आणि नवीन छापलं. ज्याला नाव कमवायचं आहे, विद्यापीठात जागा मिळवायची आहे, अशा शाळामास्तराला हे सोपं गेलं नसणार.

गाडीतला 'ब' कुठे असतो? बहुतेक वेळा टाकीच्या अर्थिंगमध्ये. काट्यातून निघालेला करंट तारेने टाकीपर्यंत जातो, फ्लोटच्या रोधातून जातो आणि मग गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत येतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत हा परतीचा रस्ता गंजलेला असतो. समजा त्या गंजाचा रोध ३० ओहम आहे. टाकी पूर्ण भरली, फ्लोट २० ओहमवर आला, पण काट्याला दिसतात ५०. म्हणजे टाकी तुडुंब, पण काटा 'फुल'च्या बराच खाली अडकलेला. आणि टाकी रिकामी झाली की? २५० च्या जागी २८०. फरक अगदी किरकोळ, काटा 'एम्प्टी'ला व्यवस्थित जातो. ओहमच्या प्रयोगात जसं होतं तसंच. तार आखूड असताना 'ब' जोरात जाणवतो, तार लांब असली की तो जवळजवळ लपून जातो.

म्हणून 'एम्प्टी बरोबर दाखवतो पण फुल कधीच दाखवत नाही' अशी तक्रार आली, की लोक नवीन फ्लोट मागवतात, आणि तो बसवूनही काटा तिथेच! कारण गंज होता तिथेच राहिला. बॅटरी डिस्कनेक्ट करून मल्टिमीटरने टाकीचा पत्रा आणि गाडीची बॉडी यांच्यामधला रोध मोजला तर एका मिनिटात कळतं. तो एक ओहमच्या आतच असायला हवा.

ओहमच्या आयुष्यातला वाईट काळ आता सुरू होतो. प्रयोग झाले, सूत्र मिळालं. १८२६ मध्ये अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा काढून तो बर्लिनला भावाकडे गेला आणि १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. गॅल्व्हॅनिक सर्किटचा गणिती अभ्यास, असा त्याच्या नावाचा अर्थ. त्याला वाटलं होतं, हे वाचून विद्यापीठातून बोलावणं येईल.

कोणी बोलावलं नाही. तारेतून करंट जसा वाहतो तसा तो दांडीतून वाहणाऱ्या उष्णतेशी जुळवून, फूरिएच्या वाटेने, त्याने सगळं गणितात मांडलं होतं. त्या वेळच्या जर्मनीतल्या बऱ्याच फिजिक्सवाल्यांना एवढ्या गणिताची सवय नव्हती. शिवाय कोलोनचे ते सुंदर प्रयोग पुस्तकात पुढे यायला हवे होते, ते मागे पडले. बर्लिनमध्ये तेव्हा हेगेलच्या तत्त्वज्ञानाचा बोलबाला होता, आणि त्या पंथातल्या पोल या फिजिक्सवाल्याने पुस्तकावर सडकून टीका केली. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं आणि पदरात काय पडलं, तर ही टीका!

ओहमने १८२८ मध्ये कोलोनच्या शाळेचा राजीनामा दिला. हातात दुसरी नोकरी नसताना. पुढची पाच वर्षं तो बर्लिनमध्ये लष्करी शाळेत आठवड्याचे थोडेसे गणिताचे तास घेऊन राहिला. वय चाळीस. लग्न नाही, त्याने ते कधीच केलं नाही. ती लॅब सुटली, ती सोन्याची तार सुटली. १८३३ मध्ये न्युरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रोफेसरची जागा मिळाली. नावाला प्रोफेसर, पण त्याला हवं होतं ते विद्यापीठ हे नव्हे.

दरम्यान त्याचं सूत्र मात्र हळूहळू फिरत होतं. लाइपझिगच्या फेक्नरने १८३१ मध्ये स्वतः प्रयोग करून ते बरोबर असल्याचं दाखवलं. फ्रान्समध्ये पुये, रशियात लेन्झ त्याच मार्गावर आले. तारायंत्र येऊ घातलं होतं. मैलोन् मैल लांब तारेतून करंट पाठवायचा तर किती सेल लागतील, हे ओहमशिवाय कोण सांगणार? तत्त्वज्ञानाच्या वादात जे सुटलं नाही ते कामाच्या गरजेने सुटलं. १८४१ मध्ये पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर आलं आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहमला कॉप्ली मेडल दिलं, तिचा सगळ्यात मोठा मान. पुस्तक आल्याला चौदा वर्षं झाली होती. १८४३ मध्ये व्हीटस्टनने, तोच आपल्या ब्रिजवाला, ओहमचं सूत्र हाताशी धरून रोध मोजायच्या पद्धती आणि सरकता रोध, म्हणजे रिओस्टॅट, लोकांसमोर मांडला. टाकीतल्या फ्लोटच्या दांडीखाली जे वेटोळं असतं, ते त्या रिओस्टॅटचंच भावंड.

एक गंमत म्हणजे हा नियम ओहमच्याही आधी एकाला सापडला होता. हेन्री कॅव्हेंडिशला, १७८१ मध्ये. त्याच्याकडे मीटर नव्हता, म्हणून तो स्वतःला शॉक देऊन त्याच्या जोरावरून अंदाज बांधायचा! पण त्याने ते कधी छापलंच नाही. १८७९ मध्ये मॅक्सवेलने त्याचे कागद प्रसिद्ध केले तेव्हा जगाला कळलं. ओहमला यातलं काहीच माहीत असायचं कारण नव्हतं.

विद्यापीठ मिळालं ते शेवटी. १८४९ मध्ये तो म्युनिकला आला आणि १८५२ मध्ये तिथल्या विद्यापीठात फिजिक्सचा पूर्ण प्रोफेसर झाला. वय त्रेसष्ट. ६ जुलै १८५४ रोजी तो गेला, म्हणजे आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते पद त्याला दोन वर्षं मिळालं. १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने व्होल्ट आणि अँपिअरच्या बरोबरीने रोधाच्या एककाला 'ओहम' हे नाव मंजूर केलं. न्युरेंबर्गची ती तंत्रशिक्षणाची संस्था आज त्याचंच नाव लावते.

आता गाडीचं उरलेलं काम संपवून टाकू. सोर्स तपासून झाला. मग टाकीकडे जाणारी तार, टाकीपासून लांबच्या जोडापाशी काढायची. तार मोकळी असताना काटा 'एम्प्टी'ला पडला पाहिजे. तीच तार क्षणभर बॉडीला लावली की काटा 'फुल'कडे चढू लागला पाहिजे. क्षणभरच, नाहीतर आतली तार जळेल. आणि टाकीजवळ तर नाहीच, पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते! दोन्ही टोकं बरोबर आली म्हणजे काटा आणि त्याची तार ठीक. मग अर्थिंग, वर सांगितलं तसं. आणि सगळ्यात शेवटी फ्लोट. बॅटरी सोडवून, टाकी शक्यतो रिकामी करून, मोकळ्या हवेत तो बाहेर काढायचा आणि मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू फिरवायची. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच तुटला तर वेटोळं झिजलंय. आणि फ्लोटमध्येच पेट्रोल शिरून तो बुडाला असेल, तर टाकी भरली तरी काटा 'एम्प्टी'लाच राहणार.

बहुतेक जण हे काम उलट्या बाजूने सुरू करतात. आधी फ्लोट, मग काटा, मग पैसे संपले की वैताग. ओहमनेही १८२५ मध्ये तार बदलून बदलून पाहिली होती. पुढच्या वर्षी त्याने आधी सोर्स स्थिर केला, मग न दिसणारा रोध हिशेबात धरला, आणि तार शेवटी.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला तुमचं रीडिंग ग्राफवर बसेना, तर खोडरबर हातात घेण्याआधी एवढं बघा. सप्लाय जागेवर आहे का? आणि जोड घट्ट आहेत का? तरीही रेषा शून्यातून जात नसेल तर घाबरू नका. तो तुमचा 'ब' असेल. त्याची किंमत काढा आणि जर्नलमध्ये लिहा. व्हायव्हाला सरांनी विचारलं, तर सांगायला तुमच्याकडे एक गोष्ट आहे!

— टी. ई. (इलेक्ट्रिकल)